डोमाजीभाऊंची एक अट

आदरणीय डोमाजीभाऊंना यंदा पंचाहत्तरावे वर्ष लागले. आमच्या छात्रालयाच्या या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण त्यांच्या घरी नेमाने जाणारा दुसरा कोणी नाही.

त्यांची माझी पहिली भेट दानपत्राच्या निमित्ताने झाली. जंगलखात्यात नाकेदार म्हणून त्यांची सगळी नोकरी अहेरीकडच्या नाक्यांवर गेली. पत्नी तिथेच तापाने गेल्या, मूलबाळ नव्हते. निवृत्त होऊन ते वैनगंगेपलीकडच्या आपल्या गावी परतले, तेव्हा बरोबरीचे कोणी उरले नव्हते. आपल्या धानाच्या बांध्या आणि राहते घर त्यांनी गडचिरोलीच्या आमच्या छात्रालयाला दिले. त्याबदल्यात संस्थेने त्यांना हयातभर दरमहा तनखा द्यावा आणि त्याच घरात राहू द्यावे, असे ठरले. सह्या झाल्यावर भाऊ म्हणाले, "पैसे कोणीतरी हातानं घेऊन यावं. अन् जेवून जावं." हा त्यांचा पाहुणचार असेल असे समजून आम्ही होकार दिला. तेव्हापासून मी जाऊ लागलो.

त्यांचा सचोटीचा स्वभाव खात्यातली जुनी माणसे अजून सांगतात. एका ठेकेदाराने दारात आणून टाकलेले सागवान त्यांनी स्वतः गाडीत घालून सरकारी डेपोत जमा केले होते. मी त्याबद्दल विचारले, तर म्हणाले, "एकटा माणूस. लाकूड कायले पाह्यजे?"

एका पावसाळ्यात मला त्यांच्या घरीच हिवताप भरला. नदीला पूर होता, पलीकडे नेणारा डोंगा बंद. भाऊंनी आपली बाज मला दिली, स्वतः जमिनीवर निजले आणि ताप उतरेपर्यंत माझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहिले. त्या दिवसांत एकदाच ते पत्नीविषयी बोलले. नाक्यावर डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झाला होता, एवढेच सांगून ते पाणी बदलायला उठले.

पुढे छात्रालयाच्या समितीने माझी दगदग आणि नदीची भीती लक्षात घेऊन तनखा मनीऑर्डरने पाठवायचे ठरवले. मनीऑर्डर परत आली. पुढच्या महिन्यातलीही आली. रक्कम कमी वाटत असेल म्हणून अध्यक्षांनी ती वाढवली, तरी तेच. तेव्हा मला पाठवण्यात आले. भाऊ खंगले होते. घरात तांदूळ संपत आला होता आणि त्यांनी कोणाकडे मागितला नव्हता. पैसे का घेत नाही, असे मी विचारले.

"पोस्टमन दारातूनच परत जाते जी," ते म्हणाले. "बांध्या मी पैशासाठी नाई देल्या. महिन्यातून एक दिवस कोणी यावं, म्हणून देल्या."

मी हे समितीला सांगितले. अध्यक्ष स्वतः नदी ओलांडून गेले आणि त्यांना छात्रालयातच राहायला घेऊन आले. मुलांनी त्यांच्यासाठी खोली सारवली होती. थोडे दिवस राहून एका सकाळी त्यांनी गाठोडे बांधले. आमचे काय चुकले, असे मी विचारले. "काई नाई चुकलं," ते म्हणाले. "इथी लय माणसं हायेत. पण माह्यासाठी कोणी आलं नाई."

त्यांना पोचवायला मी बरोबर गेलो. पुन्हा दरमहा जाऊ लागलो. परत निघालो की भाऊ घाटापर्यंत येतात. डोंगा पलीकडे लागून मी चढ चढेपर्यंत वाळूवर त्यांचे पांढरे धोतर दिसत राहते.

पंचाहत्तरीचा सत्कार गडचिरोलीत करावा असे समितीच्या मनात होते. मी तो त्यांच्या अंगणात करण्याचा आग्रह धरला आणि सर्वांनी तो मानला. मी हे कळवायला गेलो, तेव्हा भाऊंनी हाराबद्दल विचारले नाही, भाषणांबद्दलही नाही. "जेवाले किती जण येतीन?" एवढेच विचारले, आणि शेजारून भात शिजवायचे मोठे गंज मागून आणायला निघाले.

भाऊंची प्रकृती अशीच धडधाकट राहो. शंभरी उलटेपर्यंत आमच्या संस्थेला त्यांचा तनखा द्यावा लागो, आणि तो द्यायला नदी ओलांडून जाणारे माणूस आम्हाला दर महिन्याला मिळत राहो.