लॉरीचं नाक छातीला

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या रेवदंड्याकडच्या रस्त्यावर डांबर पडलं आणि आम्हा बायकांना वाटलं, हे आपला जवळा, ती बारीक सुकट, वाळवायलाच केलंय! वाळूवर सुकवलेला जवळा दाताखाली कचकचतो. डांबरावर कसा, दुपारपर्यंत कडक. गाडी आली की वाकायचं, खराट्याने जवळा कडेला ओढायचा, ती गेली की परत पसरायचा.

अशाच एका सकाळी मुंबईच्या पाहुण्यांची छोटी मोटार आली आणि तिने माझ्या थोरल्या जाऊबाईंना उडवलं. त्या टोपली घेऊन उभ्या होत्या. मोटारीचं नाक गुडघ्याखाली लागलं, बाई टोपलीसकट बॉनेटवर पडल्या आणि घसरत खाली आल्या. नडगी मोडली, बाकी धड.

पाय प्लास्टरमध्ये, पण डोकं थोडंच बांधलं होतं? रस्त्याकडेला उपड्या होडीवर बसून त्या गाड्या न्याहाळायच्या. एकदा मासळी न्यायला आलेली लॉरी उभी होती. माझा खांदा धरून लंगडत तिच्यासमोर गेल्या, अंगाशी हात लावून उंची पाहिली.

"बघ गो, मोटारीचं नाक नडगीला लागलं, म्हणून मी वर पडले. हिचं छातीला हाय. ही वर न्हाय घेनार, खाली घेईल. आन् तुमी तर वाकता! डोस्कंच देता हिच्या पुढ्यात."

ड्रायव्हर हसला, "मावशी, उंची बघून लॉरीचं लगीन जमवताय काय?"

"तुझंच जमवलं असतं, पन पोरीची दया येते."

थोड्या दिवसांनी मी रस्त्यावर वाकले होते, पाठ वळणाकडे. समुद्राला उधाण, दुसरा आवाज कानी येईना. तेवढ्यात होडीवरून जाऊबाई कडाडल्या, "सोड जवळा! लॉरी हाय, लॉरी!"

खराटा टाकून मी गटारात उडी घेतली. लॉरी थांबली, पण माझी जागा ओलांडून. जवळ्यात चाकांचे पट्टे, खराट्याचे दोन तुकडे. मला रडूच फुटलं.

जाऊबाईंनी जवळ्याकडे पाहिलं. "बरं झालं, चटनीला कुटायची मेहनत वाचली. नवऱ्यांना खायला घालू."

काय बाई होती! दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांचा जवळा किनाऱ्यावर न्यायला लावला, खाली जुनी जाळी अंथरून. पुढे पाय सुधारला, तशा डोईवर टोपली घेऊन बाजारालाही निघाल्या. जरा लंगडत, पण येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. आणि मागोमाग मी.