पदराखालचा सौदा

"ग्लॉकोमा आहे," भुसावळचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "म्हणजे काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून नस सुकते. गेलेली नजर येत नाही, उरलेली सांभाळायची."

"थोडी तरी परत आणा," मी म्हणालो.

"इथे भाव होत नाही."

मी तरुणपणी बैलबाजारात दलाली केली. मग इंजिनावर कोळसा ओढत ओढत ड्रायव्हर झालो. कडेचं दिसेनासं झालं तेव्हा दोष धुराला दिला. तुम्ही तसं करू नका, दाब मोजून घ्या. काही दुखत नाही, तिथेच माणूस फसतो.

अनफिट ठरून मी मुदतीआधीच घरी बसलो. पेन्शन सुरू झाली, शिवाय कामगार सोसायटीची अपंगत्वाची मासिक मदत. माझी बायको सुमन माझ्या तापटपणाला कंटाळून आधीच धुळ्यात देवपूरला भावाकडे राहत होती. तपासणीला मात्र यायची. ओपीडीच्या बाकावर आम्ही शेजारी बसायचो. तिथेच एकदा म्हणाली, "राजीखुशीने मोकळं होऊ."

"कागदावर बायको राहा. माझ्यामागे पेन्शन तुला मिळेल."

"तुमना मरानी वाट दखत बसू का मी?"

धुळ्याला कोर्टाच्या ओट्यावर वकील म्हणाले, "पेन्शन यांच्याच नावावर येणार. त्यातला हिस्सा ठरवा, संमतीपत्रात लिहितो." रुपयाला दोन आण्यांपासून सुरू करून आठवर थांबायचं, हे माझ्या मनात पक्कं होतं.

तिने माझ्या हातावर पदर टाकला. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. लग्नानंतर मीच तिला ते शिकवलं होतं. पाहुण्यांदेखत आम्ही तसंच बोलायचो.

तिने माझी चार बोटं धरली. चार आणे, म्हणजे पाव हिस्सा.

"आणि अपंगत्वाचे?" मी विचारलं.

"ते तुमच्या डोळ्यांचे. त्यात माझं काय?"

मी हात तसाच ठेवला. वाटलं, ती अजून मागेल, मी चिडेन, मग वाढवेन. तिने पदर काढून घेतला. ते मला अजून लागून आहे. परक्यासारखी एका बोलीत उठून गेली.

आता डोळ्यात थेंब मीच टाकतो. निम्मे गालावर ओघळतात. ज्यांना कोणी टाकून देतं, त्यांनी लागलं एवढं तरी त्या माणसाला बोलून दाखवावं. मी दाखवलं नाही.

दर महिन्याला मी आठ आणे हिस्सा मनिऑर्डरने पाठवतो. ती वरचे चार परत पाठवते. तिच्या मनिऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असते. पोस्टमनला म्हणतो, वाच.

"नाना, कोरं शे."