उलटा हेडफोन

भोंग्याला हे नाव पडलं ते पाळण्यातच, रडायचा म्हणून. पुढं त्यानं समारंभात गाणी वाजवायचा धंदा धरला तेव्हा लोक म्हणाले, नाव ठेवणाऱ्याला नजर होती. माणूस मात्र अबोल. सगळं बोलणं स्पीकरवर सोपवून मोकळा.

त्याचं खरं काम कुणाला दिसायचं नाही. हॉलमध्ये तो बटणं दाबताना नि मान डोलवताना दिसतो. पण त्याआधी घरी बसून एकेका गाण्याची मशागत करावी लागते. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर गाणं चाळतं आणि त्यावर उभ्या रेघा ओढतं, दर ठोक्याला एक. एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचं तर ह्याची रेघ त्याच्या रेघेवर बसली पाहिजे. मग नाचणाऱ्याच्या पायालासुद्धा कळत नाही गाणं कधी बदललं. आताची गाणी यंत्रावरच बांधलेली, त्यांच्या रेघा पट्टीनं आखल्यासारख्या. जुन्या गाण्यात ड्रम वाजवणारा हाडामांसाचा गडी. कडव्यात निवांत, आणि ध्रुवपद आलं की रंगात येऊन पुढं पळणार. यंत्राच्या रेघा मागं राहतात. मग भोंग्या हेडफोन घालून, गाणं मुंगीच्या पावलानं सरकवत, एकेक रेघ धरून ठोक्यावर नेऊन ठेवायचा. ह्या कामाला बसला की त्याला तहानभूक आठवायची नाही.

हेडफोन हा सासूबाईंचा कायदा. बाईंनी जन्मभर इस्त्रीचं दुकान चालवलं. गुडघे बोलायला लागले तशी लेकीकडं राहायला आल्या, त्या इस्त्री घेऊनच. घरातलं फडकंसुद्धा त्या घडी मोडू देत नसत. आल्या दिवशीच त्यांनी बजावलं, "जावईबापू, तुमचं वाजवणं तुमच्या कानात ठेवा. माझ्या डोक्यात नको."

जेवायला त्या भोंग्याच्या डाव्या हाताला बसत, आणि घास गिळता गिळता पुटपुटत एकेक टोमणा सोडत. "दुनियेचे ठोके मोजतात आमचे जावई. मोरीतला नळ टपटप वाजतोय, त्याचा ठोका कोण बघणार?" भोंग्या खाली मान घालून जेवत राही. पूर्वी फणकारायचा, आता चकार शब्द नाही. सासूबाईंनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "माणूस सोन्यासारखा झाला गं तुझा. उलटून बोलत नाही."

खरी गोष्ट अशी, की भोंग्याचा डावा कान गेला होता. इतकी वर्षं मोठा स्पीकर कायम डाव्या अंगाला. आधी कानात शिट्टी वाजायची, मग कापूस कोंबल्यासारखं झालं, मग काहीच नाही. त्यानं कोमट तेल घालून पाहिलं, देवाचं नाव घेऊन पाहिलं, आणि बायकोलासुद्धा न सांगता गप्प बसला. गाणी लावणाऱ्याचा कान गेला म्हटल्यावर त्याला बोलावणार कोण? उजवा शाबूत आहे, त्यावर निभेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

निभलं नाही. जुन्या गाण्यांचा एक कार्यक्रम होता. दोन गाणी एकावर एक आली ती एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावांसारखी. एक हो म्हणते, दुसरी लगेच नाही. नाचणाऱ्यांचे पाय गुंतले. एक काका हात वर करून तसेच उभे राहिले, खाली कधी आणायचा ते कळेना. हॉलच्या मालकीणबाईंनी भोंग्याला जिन्याखाली गाठलं.

"भोंग्या, तुझ्या भरवशावर मी लोकांना शब्द देते. ह्या रविवारी एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. सगळी जुनीच गाणी हवीत त्यांना. पुन्हा असा घोटाळा झाला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

त्याचं निम्म्याहून जास्त काम त्याच हॉलचं. दोष सॉफ्टवेअरला देऊन तो घरी कामाला बसला आणि दिवसभर रेघा सरकवू लागला. जितक्या सरकवाव्यात तितकं वाटोळं होत होतं, पण ते त्याला कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी दुपारी दारात गॅसवाला आला म्हणून भोंग्या उठला. सासूबाई शेजारीच त्याचा रविवारचा शर्ट इस्त्री करत होत्या. परत आला तर बाई लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेल्या.

"ह्या चुण्या कसल्या?"

"चुण्या नाहीत आई, ठोके आहेत. दर रेघेला यंत्र टिकटिक करतं, ती बरोबर ठोक्यावर पडायला हवी."

"बघू." त्यांनी हेडफोन कानांवर चढवला. क्षणभर पाय हलला, मग कपाळाला आठी. "अहो, एक जण चांगला बडवतोय, आणि तुमची टिकटिक मधेमधे नाक खुपसतेय. घडी एकीकडं नि इस्त्री भलतीकडं!"

"नीट आहे ते. मी स्वतः बसवलंय."

"मग ऐका स्वतःच!" बाईंनी हेडफोन काढला आणि जावयाच्या डोक्यावर थापला. थापला तो उलटा. डावी बाजू उजव्या कानावर.

भोंग्या दचकला. "हा ड्रम कुठून आला?"

"कुठून म्हणजे? मघापासून तोच तर वाजतोय."

त्यानं हेडफोन फिरवून सुलटा घातला. ड्रम गायब, नुसती खंजिरी. उलटा घातला, ड्रम हजर. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यातल्या निम्म्या जुन्या गाण्यांत ड्रम सगळा डाव्या बाजूला भरलेला, खंजिरी सगळी उजव्या. आणि खंजिरी पडते दोन ठोक्यांच्या मधे. उजव्या कानाला जे ऐकू आलं तोच ठोका समजून, यंत्रानं जवळपास बरोबर ओढलेल्या रेघा त्यानं स्वतःच्या हातानं उचलून चुकीच्या जागी रोवल्या होत्या.

सासूबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग त्याच्या डाव्या अंगाला जाऊन म्हणाल्या, "जावईबापू, नळ गळतोय." उत्तर नाही. आवाज चढवला, "जावईबापू!" तरी नाही. बाई फिरून समोर आल्या.

"कधीपासून?"

भोंग्यानं मान खाली घातली. "उन्हाळ्यापासून."

"म्हणजे इतके दिवस मी जेवताना जे जे बोलले…"

"काहीच कळलं नाही, आई."

"अगं बाई! आणि मी लेकीला सांगतेय माणूस सुधारला म्हणून. सगळं फुकट गेलं की!" बाई पदर तोंडाला लावून हसल्या, मग एकदम थांबल्या. "तिला सांगितलंत? नाही ना? आज सांगायचं. आणि ही कानटोपी काढा. तो मोठा स्पीकर लावा, एकाच कानाला सगळं कळेल असा."

"पण तुमचं डोकं…"

"माझं डोकं मी बघते. तुम्ही तुमच्या चुण्या काढा."

संध्याकाळी बायकोला कळलं. ती आधी रडली, मग चिडली, मग तिनं डॉक्टरची वेळ घेतली. आणि घरात मोठा स्पीकर लागला. सासूबाई इस्त्री फिरवता फिरवता ऐकायच्या, खटकलं की "सरकलं!" म्हणून ओरडायच्या. दरवेळी सरकलेलं असायचंच असं नाही. कधी नुसता गायकच सूर लांबवत असायचा, मग भोंग्या समजावून सांगायचा आणि बाई "मग आवरतं घे म्हणावं त्याला" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी शेजारीण तक्रार घेऊन दारात आली. सासूबाईच पुढं झाल्या. "थोडं सोसा. आमच्या जावयाचं काम चाललंय."

काम. आजवर त्या त्याला वाजवणं म्हणायच्या, गोंगाट म्हणायच्या. भोंग्या उजव्या कानानं ऐकत होता, त्यामुळं त्याला ते नीट ऐकू आलं. तो रेघेवर वाकून राहिला, पण थोडा वेळ त्याला रेघ धड दिसेना.

रविवारी म्हातारा-म्हातारी गाण्यामागून गाण्यावर नाचली आणि पाय कुठं अडला नाही. शेवटी भोंग्यानं मालकीणबाईंना कानाचं सांगून टाकलं. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डॉक्टरकडं जा, तो स्पीकर लांब ठेव, आणि पुढच्या महिन्यात दोन कार्यक्रम आहेत ते विसरू नकोस."

डॉक्टर म्हणाले, गेलेला परत येणार नाही, राहिलेला जपा. सोमवारी जेवायला बसले तेव्हा सासूबाईंनी आपली खुर्ची खरखरत ओढत आणली आणि भोंग्याच्या उजव्या हाताला मांडली. पदर खोचला, घसा साफ केला.

"कुठून राहिलंय बरं?"

भोंग्यानं कान त्यांच्याकडं वळवला. "नळापासून, आई. नळापासून सुरू करा."