सगळ्या डिझाइन्सना लागू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. नवरा म्हणतो, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. भिजतो रे बाबा — चांगला तेरा वर्षं भिजतोय.

सुरुवात कुठून करू? कॉम्प्युटरवरच्या एका आकड्यापासून करता येईल, पण मग तुम्ही म्हणाल, बस, एवढंच? आणि ते मला ऐकायचं नाहीये. म्हणून आधी रेखाताईबद्दल सांगते.

त्या वर्षांत आमच्यासारख्या शिकायला आलेल्यांचा सिडनीत नुसता लोंढा होता. वेस्टमीडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाचजणी राहायचो, रेखाताई खालच्या मजल्यावर. ती शिकायला आलेली नव्हती. नवरा अकाउंटिंग करत होता आणि ती त्याच्या व्हिसावर. मूळची भोसरीची, तिथे शाळेच्या गणवेशांवर भरतकाम करणाऱ्या मशीनवर तिने दहा वर्षं काढली होती. इथेही तिला तेच काम मिळालं, ग्रेगच्या वर्कशॉपमध्ये, युनिफॉर्मवर लोगो काढायचं. मला तिथे तिनेच चिकटवलं. स्वतःच्या डब्यात माझ्यासाठी दोन चपात्या जास्त आणायची — हे न लिहून कसं चालेल?

मशीनला डोकं नसतं. लोगो आधी कॉम्प्युटरवर टाक्यांमध्ये बसवावा लागतो: कुठला टाका कुठे, दोन टाक्यांत अंतर किती. ते काम ग्रेग स्वतः करायचा. त्याला मणक्याचा त्रास सुरू झाला, तेव्हा त्याने रेखाताईला शिकवायला घेतलं. कापड बघून कुठे आवळेल, कुठे चुणी पडेल, हे तिला आधीच कळायचं. फक्त माऊस हातात घेताना ती अंग चोरायची. नीट जमलं तर ती जागा तिची, आणि ग्रेग व्हिसासाठी स्पॉन्सर करणार होता. त्या दोघांचं इथे राहणं की परत जाणं त्या खुर्चीवर ठरणार होतं. हे मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

आणि मी? मास्टर्स इन आयटी. दोरे कापत उभी. काय तोरा होता माझा! ताई काही अडली की मी मान तिरकी करून म्हणायची, "सोपं आहे गं, दाखवते."

एका दुपारी ताई मशीनवर होती. ग्रेगने मला फ्लीसच्या टोप्यांचा लोगो थोडा दाट करायला सांगितलं. जाड कापडात टाके बुडतात, म्हणून अंतर कमी करायचं. मी सेटिंग उघडलं. त्यात दोन खिडक्या होत्या — एक त्या डिझाइनपुरती, दुसरी सगळ्यांसाठी. मी कुठली उघडली ते बघितलंच नाही. आकडा शून्य पॉइंट चारवरून खाली आणला, सेव्ह केलं. टोप्या झकास निघाल्या. ग्रेग म्हणाला, गुड ऑन या. मी खूष.

दुसऱ्या दिवशी ताईने तिचा पहिला स्वतःचा लोगो केला, वृद्धांच्या एका नर्सिंग होममधल्या कर्मचाऱ्यांच्या पातळ शर्टांसाठी. नव्या डिझाइनला माझाच आकडा लागला होता, तिला काय कळणार? नमुना काढला, तोही टोप्यांच्या उरलेल्या फ्लीसवर. तिथे छानच दिसला. मग मशीनला शर्ट लागले. लोगो पुठ्ठ्यासारखा ताठ, भोवती चुण्या, आणि कडेने कापड सुयांनी चाळणी झालेलं. पूर्ण घाणा वाया गेला.

ग्रेग ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, सेटिंगला कुणी हात लावला होता?

मला त्या क्षणी कळलं होतं. नंतर नाही, तेव्हाच. मी तोंड उघडणार होते का? खरं सांगू — नव्हते. शिफ्ट जाईल याचीही भीती नव्हती मला. शिफ्ट कुठेही मिळाली असती. आयटी शिकणारी मुलगी आणि एवढी साधी खिडकी चुकली, हे त्या दोघांसमोर निघायला नको होतं. बस, एवढंच!

मी खाली वाकून कापलेले दोरे गोळा करत राहिले. आणि रेखाताई हळूच म्हणाली, "मीच काहीतरी दाबलं असेल."

इथे थांबले असते तर भित्री म्हणून सुटले असते. पण जेवणाच्या सुट्टीत दोघं बाहेर गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले आणि आकडा परत शून्य पॉइंट चार करून ठेवला. ग्रेगने नंतर तपासलं तर सगळं जागच्या जागी. म्हणजे गडबड ताईचीच. संध्याकाळी ट्रेनमध्ये ती रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. होतं गं ताई असं, म्हणत होते. कुठून आणला होता मी तो आवाज?

पुढच्या महिन्यात खुर्ची मला मिळाली. मी घेतली. शहराबाहेर राहिलं तर व्हिसा मिळायचा, म्हणून ताईचा नवरा दोन वर्षं लांबच्या गावात एकटा राहिला. त्यांची मुलगी तेव्हा तान्ही होती. ताई नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत लागली. आजही तिथेच आहे, ओल्या चादरी उचलून तिचे खांदे गेलेत.

गेल्या महिन्यात ती स्कोफिल्ड्सला आमच्या घरी जेवायला आली होती. तिच्याकडे सुपरवायझरची जागा निघाली होती, तिला स्वतःहून विचारलं होतं, आणि तिने नाही म्हटलं. कुणाची पाळी कधी, तो रोस्टर कॉम्प्युटरवर करावा लागतो म्हणून. तिची मुलगी चिडली होती, मम, इट्स सो ईझी, म्हणत होती. मीही म्हटलं, अगं घ्यायची होतीस.

ताई हसली. म्हणाली, "मला नाही गं जमत ते. तुला तर माहितीये. तू होतीस की तेव्हा."

मी हो म्हटलं, आणि तिला अजून एक चपाती वाढली.