अंड्यातला फुटवा

माझ्या बहिणीचे यजमान, आमचे अंडेवाले भाऊजी, उबवणीतलं कुठलंही अंडं टॉर्चवर धरायचे आणि जावयाच्या मानाला न शोभेल असे ओरडायचे, "अहाहा! फुटवा आला, फुटवा!" धानाला फुटवे येतात ना, तसा अंड्यात रक्तवाहिन्यांचा फुटवा येतो. नागपूरच्या फार्मसी कॉलेजात जन्मभर त्यांनी हेच पाहिलं: मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाचा थेंब टाकल्यावर हा फुटवा वाढतो की खुंटतो.

निवृत्त होऊन आमच्या गावी, आरमोरीला आले तरी खोड गेली नाही. झुंजीचे कोंबडे पाळणारे अंडी घेऊन दारात हजर. "भाऊ, यातून लढणारा निघन का?"

"मले रगताच्या वाटा दिसते बाप्पा, हिंमत नाई दिसत!"

एका उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना अस्वलाने माझ्या आईची मांडी फाडली. दवाखान्याने मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. आणि हा बहाद्दर जेवताना रंगात येऊन सांगून बसला, की मॉर्फिनने जखमेतला फुटवा मंदावूही शकतो. झालं! आईने गोळ्या उशीखाली कोंबल्या. दुखण्यापायी ना जेवण ना झोप, आणि जखम काही भरेना. मी उशी झटकली तर गोळ्या घरभर! अशी भडकले की विचारू नका.

भाऊजी खाटेशी उकिडवे बसले. "आई, ते अंड्यांचं होतं. माणूस जेवला नाई, झोपला नाई, त फुटवा येईन कुठून? तुमी काई अंडं आहा का?"

आई खो-खो हसली. गोळी घेतली, चार घास जेवली, घोरली. हळूहळू जखमेत लालचुटुक मांस दिसू लागलं आणि भाऊजी अंगणात नाचले. अहो, खरंच नाचले!

मग त्यांच्याच पोटात कॅन्सरची गाठ निघाली आणि दुखण्यावर त्यांनाही मॉर्फिनच्याच गोळ्या मिळाल्या. मॉर्फिनने कधी कधी फुटवा वाढतो, हेही त्यांनी अंड्यांत पाहिलेलं. आणि गाठ तर रक्तावरच पोसते. डॉक्टर घसा फोडून सांगत होते, की अंड्यातलं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. पण हे दात आवळून बसले. "गाठीले खतपाणी मी नाई घालत!" ताई रडायची. माझा जीव तुटायचा.

शेवटी आई लंगडत आली, एका हातात पेज, दुसऱ्या हातात गोळी.

"जवाईबापू, तुमी काई अंडं आहा का?"

ते एवढे हसले की पेज सांडली. गोळी घेतली. उरलेले दिवस आम्हाला हसवत, शेजारपाजारची अंडी बघत काढले त्यांनी.

भाऊजी गेले. आई अजूनही कोंबडी बसवली की एकेक अंडं टॉर्चवर धरते. मोतीबिंदूमुळे तिला काही म्हणता काही दिसत नाही. तरी ओरडते, "अहाहा, जवाईबापू, फुटवा आला!"