बत्तीस डिग्रीतली हिवाळ्याची तयारी

सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये काही नवीन ठेवायचं म्हटलं की आधी काहीतरी जुनं टाकून द्यावं लागतं. किस्से तेवढे बिनभाड्याने राहतात! आमच्याकडे ते इतके साठलेत की एक काढायला जावं तर मागून चार अंगावर पडतात. आणि बघायला गेलं तर निम्म्याहून जास्त एकाच गाडीचे. ती गाडी आता नाही, पण किस्से काही जागा सोडत नाहीत.

आम्ही म्हणजे चौघं. मी, माझा नवरा अभय, आणि नंदू-प्रज्ञा. अभय पुण्याचा, आयटीतला. नंदू नागपूरचा, एका लॅबमध्ये रबर आणि प्लॅस्टिकवर संशोधन करायचा. प्रज्ञा त्याची बायको, बोलायला लागली की समोरच्याने शांत बसावं अशी. दर रविवारी सकाळी हौगांगच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चौघांची कोपी, म्हणजे इथली कॉफी, ठरलेली. विषयही ठरलेला. अभयची गाडी!

*

गाडी लाल, टू-सीटर, गिअरवाली स्पोर्ट्स कार. अभयने ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी विचारलं, "डिकी कुठाय?"

"ही स्पोर्ट्स कार आहे."

"म्हणजे भाजी आणायची कशात?"

"बसने."

अशी ती गाडी. इथे जोरात चालवायची सोय नाही. जरा वेग घेतला की कॅमेरा येतो, कॅमेरा चुकवला की बेट संपतं. नंदू म्हणायचा, "बे अभ्या, तू हत्ती पाळला आणि बाल्कनीत बांधला!"

शिवाय इथे गाडीचं आयुष्य सरकार ठरवतं. परवाना दहा वर्षांचा. तो संपला की गाडी मोडीत काढा नाहीतर देशाबाहेर पाठवा. वाढवून मिळतो, पण त्या भावात आम्हाला फ्लॅट सोडून गाडीतच राहायला जावं लागलं असतं. आमच्या गाडीचा परवाना जानेवारीत संपणार होता. आणि अभयचं एकच मागणं होतं. गाडी जायच्या आधी ती एकदा बर्फात चालवायची.

मलेशिया, थायलंड, लाओस, मग चीन. तिथे युनानच्या डोंगरात डिसेंबरमध्ये बर्फ. अभय आणि नंदू गाडीने जाणार, मी आणि प्रज्ञा विमानाने कुनमिंगला. मग चौघांनी बर्फात उभं राहून चहा प्यायचा. हे आम्ही किती वर्षं "पुढच्या डिसेंबरला" म्हणत होतो. एकदा आमच्या मुलीची, इराची परीक्षा, एकदा कोविड, एकदा नंदूचा प्रोजेक्ट. या वेळी मात्र पुढचा डिसेंबर नव्हताच!

*

सुरुवात टायरपासून झाली. टायरच्या दुकानाचा मालक पंख्याखाली बनियनवर बसलेला. अभय म्हणाला, "विंटर टायर्स."

त्याने अभयकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "बॉस, विंटर हिअर इज ओन्ली इन शॉपिंग मॉल."

तरी त्याने मागवून दिले. नंदूने लगेच त्यातल्या एकाला चिमटा काढला. "साधं टायर थंडीत वाळक्या भाकरीसारखं होते. हे बघा वहिनी, पुरणपोळीच्या कणकेसारखं मऊ. इथल्या रोडवर चालवलं तर महिन्यात झिजून जाईल. तिकडं जाईपर्यंत जपून ठेवा."

ठेवा म्हणजे कुठे? आमच्या घरी! इथे प्रत्येक फ्लॅटला बॉम्बशेल्टर म्हणून एक जाड भिंतींची खोली असते. बॉम्ब कधी पडत नाहीत, म्हणून त्यात तांदूळ, सूटकेसेस आणि गणपतीचं मखर असतं. त्यात चार टायर गेले आणि मखर बाहेर आलं. तेवढ्यात गणपती आले. टेबल इराच्या अभ्यासाने अडवलेलं. मग मी टायर एकावर एक रचले, वर फळी, त्यावर आईची पैठणी, आणि बाप्पा!

जुरोंग ईस्टच्या एक काकू आरतीला आल्या. पैठणीचं, सजावटीचं, बैठकीच्या उंचीचं फार कौतुक केलं. "चौरंग कुठून आणलास गं?"

मी काही बोलायच्या आत प्रज्ञा म्हणाली, "काकू, यंदा बाप्पाला कुठेही घसरायची भीती नाही!"

*

मग पाणी गोठायचा विषय. रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट आणि काच धुवायचं निळं पाणी थंडीत गोठलं तर संपलं. बाटलीवर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवेल तो नंदू कसला! "टेस्ट करू."

टेस्ट कुठे? परत आमच्या घरी. श्रीखंडाच्या दोन रिकाम्या डब्यांत नमुने भरले आणि माझ्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी ठेवले. हे विषारी असतं म्हणून नंदूने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: "खाऊ नये. मरशील."

संध्याकाळी इरा शाळेतून आली. फ्रीझरमधून आवाज, "ममा, व्हाय द श्रीखंड सो ब्लू वन?"

मी धावत गेले. चमचा हातात, झाकण उघडं! "वाचता येत नाही का वर काय लिहिलंय?"

ती शांतपणे म्हणाली, "नो, ममा. यू नेव्हर टीच मी, लाह."

नंदूने दुसऱ्या दिवशी चिठ्ठी इंग्रजीत लिहिली. कूलंट गोठलं नाही. मटार गोठले होते. 

*

आता माझं योगदान. सगळे काही ना काही करतायत, मीच नुसती फ्रीझर पुरवतेय, हे मला बरं वाटेना. कुठेतरी वाचलं की थंडीत दाराचे रबर बर्फाने चिकटतात, दार उघडत नाही, म्हणून त्यांना काहीतरी ओशट लावावं. एका रविवारी कार पार्कमध्ये जाऊन मी दोन्ही दारांच्या रबरांना खोबरेल तेल चोळलं. अगदी बाळाला चोळतात तसं, मन लावून. गाडीला लग्नघरासारखा वास!

नंदू आला, वास घेतला, कपाळाला हात लावला. "वहिनी, काय करून राहिल्या तुम्ही?"

"का? ओशट आहे ना?"

"आमच्या नागपूरला थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवून राहते. तेव्हा कुठं तेल निघते. तुमच्या पुण्यात नव्हती काय थंडी?"

होती की! लहानपणी आंघोळीआधी ती बाटली गरम पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवायचं काम माझंच होतं. आणि मी साफ विसरले होते की खोबरेल गोठतं. इथे सतरा-अठरा वर्षांत ते कधी गोठलेलंच नाही, हो!

प्रज्ञाने फडकं दिलं. "पुस आता. युनानमध्ये दोघं गाडीत अडकले असते तर बाहेरून आपण दाराला हेअर ड्रायर लावत बसलो असतो."

*

बॅटरी थंडीत मरते म्हणतात. अभयला ती खरोखरच्या थंडीत तपासायची होती. सिंगापूरमध्ये खरोखरची थंडी दोनच ठिकाणी, सिनेमा थिएटरमध्ये आणि माशांच्या गोदामात. थिएटरमध्ये बॅटरी घेऊन सोडत नाहीत.

नंदूच्या ओळखीतल्या एकाचं जुरोंगकडे फ्रोझन माशांचं कोल्ड स्टोरेज होतं. शनिवारी बॅटरी तिथे कोळंबीच्या खोक्यांत ठेवली, रविवारी काढून तशीच धावपळ करत गाडीला बसवली. अभयने किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात चालू! दोघं पन्नाशीला टेकलेले गृहस्थ कार पार्कमध्ये मिठी मारून नाचले. एक चिनी आजी ट्रॉली घेऊन चालली होती, ती थांबून टाळ्या वाजवायला लागली.

गाडीला मात्र पुढे महिनाभर कोळंबीचा वास. प्रज्ञा म्हणाली, "चांगलंय. बर्फात बंद पडली तर मांजरं ढकलतील!"

इतकं हसलो त्या दिवशी. चौघं मिळून तसं हसलो ते बहुतेक शेवटचंच.

*

नोव्हेंबरातल्या एका रविवारी नंदू कोपी ढवळतच बसला. साखर कधीच विरघळली होती.

"काय रे नंद्या?" अभयने विचारलं.

"लॅबचा आमचा ग्रुप बंद करून राहिले. पास कॅन्सल. महिनाभरात निघायचं."

इथे नोकरी गेली की राहायचा पास जातो, पास गेला की तुम्ही जाता. हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते नेहमी दुसऱ्या कोणाचं तरी असतं ना!

 अभय बोलला ते नेमकं नको ते. "डिसेंबरला तू नागपूरहून थेट कुनमिंगला ये. मी गाडी घेऊन—"

"अभ्या," नंदू म्हणाला, "नोकरी शोधणारा माणूस बर्फ पाहायला जाते काय बे?"

प्रज्ञाने काहीतरी बोलावं म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती टिश्यूचे बारीक बारीक तुकडे करत होती.

जाताना सामान बांधायला आम्हीच होतो. एअरपोर्टवर नंदूने अभयला बाजूला घेतलं. मला वाटलं, काहीतरी मनातलं बोलतोय. जवळ गेले तर म्हणत होता, "टायरची हवा थंडीत कमी होते. दर सकाळी चेक करजो."

*

गाड्यांचा ताफा चीनमध्ये नेणाऱ्या एजन्सीचा नियम होता, प्रत्येक गाडीला लायसन्सवाले ड्रायव्हर दोन. अभय म्हणाला, "जाऊ दे."

मी म्हटलं, "मी आहे की!"

"तुझं लायसन्स ऑटोमॅटिकचं आहे."

"मग गिअरचं काढते."

तो हसला. मला राग आला. रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. या वयात क्लच! डावा पाय आयुष्यभर नुसता बसून राहिलेला, त्याला अचानक कामाला लावलं. माझे इन्स्ट्रक्टर फार सभ्य गृहस्थ. गाडी कितव्यांदा तरी बंद पडल्यावर म्हणाले, "सिस्टर, यू आस्किंग द क्लच फॉर परमिशन. जस्ट टेल हिम!"

मी सांगायला शिकले. खरंच शिकले! चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलायला लागले. घरी येऊन अभयला फ्लॅटच्या पॅसेजमध्ये पायांनी करून दाखवायचे. तोही मग हसायचा थांबला. एका संध्याकाळी त्याने मला न विचारता माझं चीनच्या व्हिसाचं बघायला सुरुवात केली.

टेस्टची तारीख मिळाली फेब्रुवारीची.

मी नोव्हेनाला एका क्लिनिकच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांना तारखा देते. "त्याच्या आधी काहीच नाही का हो?" असं कोणी विचारलं की "सॉरी" म्हणते, गोड आवाजात. ड्रायव्हिंग स्कूलच्या मुलीचा आवाज माझ्याहून गोड होता.

इरा म्हणाली, "बाबा, जस्ट गो, लाह. हू विल चेक?"

"चीन चेक करेल, बाळा," अभय म्हणाला.

*

जानेवारीत एक्स्पोर्टवाला गाडी बघायला आला. खाली वाकला, बॉनेट उघडलं, कूलंट बघितलं, वर येऊन शेल्टरमधले टायर बघितले. "वाह! हू डू धिस? एव्हरीथिंग विंटर रेडी!"

तो खूश झाला. गिऱ्हाईक थंड प्रदेशातलंच होतं म्हणे. तिथे वर्षातले कित्येक महिने बर्फच असतो. टायर त्याची लॉरी येऊन घेऊन गेली. गाडी अभयने स्वतः यार्डात नेऊन सोडायची ठरली.

त्या दुपारी मी रजा टाकली. खाली आले तर हा गाडीत बसलेला. अंगात पिसं भरलेलं जाड डाऊन जॅकेट. प्रवासासाठी घेतलेलं, टॅगसकट! बाहेर ऊन असं की डांबर चकाकत होतं.

 मी वर गेले, माझं जॅकेट घालून खाली आले. त्याने एसी शेवटपर्यंत खाली नेला. आम्ही तसेच निघालो, हायवेवरून, डावीकडच्या संथ लेनमधून. शेजारच्या लॉरीतले बांगलादेशी कामगार आमच्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होते. अभयने त्यांना हात केला. त्यांनीही केला.

यार्डाच्या गेटवर म्हातारा गार्ड होता. अभयने काच खाली केली. आतली थंड हवा त्याच्या तोंडावर गेली असणार, कारण तो एक पाऊल मागे सरला. मग वाकून आमच्या जॅकेटांकडे बघत राहिला.

"अंकल, सो हॉट, व्हाय लाइक धिस?"

अभय म्हणाला, "जस्ट केम बॅक."

"वाह! स्नो गॉट ऑर नॉट?"

"गॉट. प्लेन्टी."

गार्डचा चेहरा उजळला. त्याने कधी बर्फ पाहिला नव्हता म्हणाला. गेटचं बटण दाबता दाबता पुन्हा वाकला. "ओन्ली टू ऑफ यू गो, आह?"

अभय समोर बघत राहिला. मग मीच म्हटलं,

"नो, अंकल. फोर."

गार्डने आमच्या दोन सीट्सकडे पाहिलं, सीटमागच्या भिंतीकडे पाहिलं, पुन्हा आमच्या तोंडाकडे पाहिलं. आणि गेट उघडलं.