करडई तेलातलं इंजिन

"फिरतंय न्हवं? मग झालं तर!" असं म्हणत काकी हँडल काढायच्या आणि पदरानं घाम पुसायच्या. गाडी चालू झाली असं समजू नका हं. ती कधीची बंद होती, विटांवर चढवलेली. दर सोमवारी देवपूजा आटोपली की काकी तिचं इंजिन नुसतं हातानं फिरवायच्या.

रहिमतपुरात माझ्या गॅरेजमागच्या बोळात त्यांचं घर. नवरा त्या अँबॅसिडरवर भाडी मारायचा. "लय हिंडली गाडी," काकी सांगायच्या, "पर म्होरली सीट कायम गिऱ्हाइकाची. मी आपली मागं." नवरा गेला आणि गाडी शेडमध्ये बसली. काकींचं मागणं एवढंच होतं, एकदा पुढं बसून औंधाला यमाईच्या दर्शनाला जायचं.

इंजिन सांभाळायला मीच शिकवलं होतं. उभ्या इंजिनात गंज चढतो, पिस्टन अडकून बसतात. म्हणून चारी प्लग काढायचे, भोकांत थोडं थोडं इंजिन ऑइल सोडायचं आणि हँडल घालून सावकाश फिरवायचं. सायलेन्सरच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा, नाहीतर उंदीर आत संसार थाटतात. काकींनी त्यासाठी नवऱ्याचं जुनं धोतर फाडलं होतं.

फौजेतला मुलगा सुट्टीवर आला की वैतागायचा. "आये, जागा अडवून बसलीया ही. भंगारात घालू." शेवटी मायलेकांचं ठरलं. दसऱ्याला तो येईल तेव्हा इंजिन फिरलं तर खोलून नीट करायचं, नाही फिरलं तर भंगारवाला बोलवायचा.

आणि नेमक्या दसऱ्याच्या तोंडावर काकी धावत गॅरेजात आल्या. "आरं मिस्त्री, हालंना की रं ते!"

गेलो. प्लगच्या भोकातून तार घातली तर टोकाला चिकट डिंकासारखं काहीतरी आलं.

"काकी, तेल कुठलं घातलं?"

"आपलं करडईचं. तुजा डबा संपला तवापास्नं."

"आवं, इंजिन हाय ते! वांग्याची भाजी न्हाई!" मी असा ओरडलो की शेजारीपाजारी बाहेर आले. करडईचं तेल वाळून चिकटतं. कढईच्या काठाला जसा थर धरतो, तसाच आत धरला होता.

काकींनी तेलाची किटली पुढं केली. "इकतचं न्हवं रं. माज्या म्हायेरच्या घाण्याचं हाय. चांगलं म्हणून घातलं." मला फार वाईट वाटलं. असल्या बाईवर कोण ओरडतं का?

थिनर आणि स्टिअरिंगचं पातळ तेल मिसळून भोकांत ओतलं, मुरू दिलं. मग हँडल घेतलं. इथं जोर करून चालत नाही, पिस्टनच्या रिंगा मोडतात. जरा इकडं, जरा तिकडं, नुसतं हलवत राहायचं. काकी बाजूला बसून यमाईला हाका मारत होत्या. मुलगा खांद्याला बॅग अडकवून दारात येऊन उभा राहिला, आणि तेवढ्यात इंजिन सुटलं. काकींनी मला कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतः हँडल गरागरा फिरवलं.

"बास, बास! तुजंच खरं," मुलगा हसत म्हणाला. "मिस्त्री, फुडच्या सुट्टीत खोलू."

ती सुट्टी यायच्या आतच, थंडीत, काकी गेल्या. झोपेतच गेल्या. सोमवारी शेडमधून आवाज आला नाही की मला अजून चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

मुलगा ठरल्याप्रमाणं आला. भंगाराचं नाव काढलं नाही. आम्ही इंजिनाचं हेड उतरवलं. आत सिलिंडर लख्ख, गंजाचा ठिपका नाही. मी हँडल फिरवलं तसे दोन पिस्टन वर आले, दोन खाली गेले. तो वाकून बघतच राहिला. मग त्यानं मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

"लय भारी! थांबा, आईला दावून येतो," म्हणत तो घराकडं वळला, आणि शेडच्या दारात गेल्यावर तिथंच उभा राहिला.